वाचक विचारतात : सीपी व्हायचंय, पण रस्ता कुठून जातो?

मागच्या अंकात मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या, म्हणजे सीपींच्या, खुर्चीवर दीड पान लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आलीत की संपादकांनी गठ्ठाच टेबलावर आणून आदळला आणि म्हणाले आता तूच निस्तर. आधीच सांगतो, मी पोलीस नाही. बावीस वर्षं क्राइम बीट केलं, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या त्या दगडी मुख्यालयाच्या पायऱ्या चढून-उतरून गुडघे गेले, एवढीच माझी पात्रता. सगळ्या पत्रांना उत्तर देणं शक्य नाही, बरेचसे प्रश्न सारखेच होते, त्यातले निवडून घेतलेत.

प्रश्न : मी बारावी आर्ट्सला आहे. मला मुंबईची पोलीस कमिशनर व्हायचंय. घरचे हसतात. नक्की काय काय करावं लागतं ते एकदा सरळ सांगा ना. — एक विद्यार्थिनी, लातूर

हसू दे त्यांना. आर्ट्सला आहेस हे तर चांगलंच, कारण ग्रॅज्युएशन कुठलंही चालतं आणि इतिहास, राज्यशास्त्र तुला पुढे कामाला येणारच आहे.

आधी यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिसेस. वय २१ ते ३२, ओपनला ६ अटेम्प्ट, ओबीसीला ९, एससी-एसटीला ३७ वर्षांपर्यंत कितीही. प्रीलिमचे दोन पेपर, मेन्सचे नऊ, मग इंटरव्ह्यू, मेन्सचे १७५० आणि इंटरव्ह्यूचे २७५ मिळून २०२५ मार्कांवर रँक लागते. आयपीएससाठी मुलींना उंची १५० सेंटीमीटर लागते आणि मुलांना १६५, काही गटांना सूट आहे, ते जाहिरातीत बघून घे. सिलेक्शन झालं की मसुरीला फाउंडेशन कोर्स, मग हैदराबादची सरदार पटेल अकॅडमी, तिथे परेड, घोडा, कायदा, फायरिंग, आणि मग जिल्ह्यात पाठवतात, तिथे काही दिवस तुला एक अख्खं पोलीस स्टेशन स्वतः चालवायला देतात. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक अधिकाऱ्याने सांगितलंय की खरं शिक्षण त्या पोलीस स्टेशनात झालं, म्हणजे ठाणे अंमलदार तक्रार घेताना कुठला शब्द लिहितो आणि कुठला गिळतो हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

आता क्लासवाले जे सांगत नाहीत ते. आयपीएस झालीस म्हणजे महाराष्ट्रच मिळेल असं अजिबात नाही. केडर, म्हणजे कुठल्या राज्यात नोकरी करायची ते, रँक, पसंती आणि जागा यावर ठरतं आणि आपल्याच राज्यात साधारण तिघांपैकी एकाला जागा मिळते, बाकीचे बाहेरचे. अकोल्याचे शिवदीप लांडे बिहार केडरला गेले आणि नाव पाटण्यात काढलं. उलट बाजूने बघ, मुंबईच्या कमिशनरांमध्ये अरूप पटनायक ओडिशाचे, सत्यपाल सिंग उत्तर प्रदेशातल्या बागपतचे. तेव्हा लातूरच्या मुलीने मुंबईची सीपी व्हायचं तर पहिली लॉटरी केडरची, आणि ती हुकली तर मुंबईचा विषय जवळपास तिथेच संपतो. डेप्युटेशनवर दुसऱ्या राज्यात जाता येतं पण त्या वाटेने कोणी मुंबईच्या खुर्चीत बसलेला मला आठवत नाही.

समजा महाराष्ट्र मिळाला. मग एएसपी (सहायक अधीक्षक), मग एखाद्या जिल्ह्याची एसपी (अधीक्षक) किंवा शहरात डीसीपी (उपायुक्त), साधारण १४ वर्षांनी डीआयजी (उपमहानिरीक्षक) म्हणजे मुंबईत अपर आयुक्त, १८ नंतर आयजी (महानिरीक्षक) म्हणजे सहआयुक्त, २५ नंतर एडीजी (अपर महासंचालक), ३० नंतर डीजी (महासंचालक). मुंबईचा आयुक्त एडीजी नाहीतर डीजी दर्जाचा असतो. आता हिशोब कर. २६ व्या वर्षी नोकरीला लागलीस तर एडीजी होताना ५१ आणि रिटायरमेंट ६० ला. म्हणजे या खुर्चीसाठीची तुझी खिडकी आठ-नऊ वर्षांची, त्यात तुझ्या वर चार बॅच, तुझ्या बॅचमधले तिघे, खाली दबा धरून बसलेले दोघे, आणि खुर्ची एक. तेही त्या वर्षी ती रिकामी झाली तर.

म्हणून मी कोणालाच सीपी होण्याचं स्वप्न बघू नको असं सांगत नाही, पण त्या स्वप्नावर जगता येत नाही, मधली पंचवीस वर्षं जगायची असतात. चंद्रपूरला एसपी म्हणून, गडचिरोलीच्या जंगलात, ट्रॅफिकला, ट्रेनिंग सेंटरला, एसीबीला म्हणजे लाचलुचपत विभागाला. ती आवडणार असतील तर ये.

प्रश्न : माझे वडील मुंबई पोलिसात हवालदार आहेत. मीही भरतीची तयारी करतोय. शिपाई म्हणून लागून खात्यात राहून कमिशनर होता येतं का? — एक वाचक, वरळी

खरं सांगू की बरं वाटेल असं सांगू? खरं सांगतो, नाही.

शिपाई, हवालदार, एएसआय ही शिडी वेगळी आणि आयपीएसची वेगळी. मधे दोन पूल आहेत. एक खात्यांतर्गत पीएसआयची (उपनिरीक्षकाची) परीक्षा, एमपीएससी घेते, ती पास झालास की नाशिकच्या पोलीस अकॅडमीत जाऊन खांद्यावर दोन स्टार घेऊन येशील, पुढे एपीआय, पीआय (निरीक्षक), नशीब असेल तर एसीपीपर्यंत (सहायक आयुक्त). दुसरा पूल म्हणजे एमपीएससी राज्यसेवेतून थेट डीवायएसपी (उपअधीक्षक). डीवायएसपींना पुढे आयपीएसमध्ये प्रमोट करतात, वरिष्ठ जागांपैकी एक तृतीयांश जागा त्यांच्यासाठी असतात. कागदावर अट आठ वर्षं सेवेची आहे पण प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट वाट बघितलेले अधिकारी मी पाहिलेत, आणि तोपर्यंत वय इतकं होतं की डीआयजी किंवा आयजीला पोचता पोचता निरोप समारंभाचा हार गळ्यात पडतो.

तर तुझ्या जागी मी असतो तर भरतीला जरूर बसलो असतो, बेसिक २१,७०० पासून सुरू होतो, घर चालतं, आणि नोकरी करत करत ग्रॅज्युएशन करून यूपीएससी, राज्यसेवा दोन्हीचे फॉर्म भरले असते. अवघड आहे, बारा-बारा तासांच्या ड्युटीनंतर पुस्तक हातात धरवत नाही हे तुला वडिलांकडे बघून माहिती असेलच. पण करणारे करतात, दर वर्षी निकाल लागला की खात्यातली एक-दोन नावं पेपरला येतातच.

प्रश्न : जिल्ह्याचा एसपी आणि शहराचा सीपी यात फरक काय? दोघेही पोलीसच ना? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, फरक मोठा आहे आणि तो गणवेशात दिसत नाही.

जिल्ह्यात दंडाधिकारी कलेक्टर. जमावबंदी लावायची असली की एसपी अहवाल देतो आणि सही कलेक्टरची, नाहीतर प्रांताची. आयुक्तालयात ते अधिकार थेट पोलीस आयुक्ताकडे असतात. पूर्वीचं १४४ कलम, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १६३ झालंय, त्याचा आदेश मुंबईत आयुक्तालयातूनच निघतो. तडीपारीचंही तसंच, जिल्ह्यात बहुतेक कागद प्रांताच्या टेबलावर जाऊन बसतो आणि आयुक्तालयात डीसीपीच सुनावणी घेऊन सही करतो. त्यावर १९८१ चा एमपीडीए कायदा आहे, ज्याच्या नावातच झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले आहेत, त्याखाली आयुक्त एखाद्याला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करू शकतो. हत्यारांचे परवाने, मोर्चा-मिरवणुकीची परवानगी, लाउडस्पीकर, सगळं एकाच छपराखाली.

काम पटकन होतं हे बरोबर, पण माझं मत विचाराल तर ज्याने पकडलं त्याच खात्याने ऐकून घ्यायचं आणि त्यानेच शहराबाहेर काढायचं यात धोका आहेच. चांगला कमिशनर असला तर तो तडीपारीच्या फायली परत पाठवतो. असे मी दोन बघितले. बाकीच्यांच्या वेळी आकडा वाढला की प्रेस नोट यायची.

इतिहास थोडक्यात, मुंबईला आयुक्तालय १८६४ पासून, पुणे आणि नागपूरला १९६५ पासून, आणि अगदी अलीकडची म्हणजे पिंपरी-चिंचवड २०१८ आणि मीरा-भाईंदर वसई-विरार २०२०.

प्रश्न : कमिशनर दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतात. हे ठरवतं कोण? कायदा काही आहे की नाही? — एक वाचक, दादर

कायदा आहे हो. प्रकाश सिंग म्हणून उत्तर प्रदेश आणि आसामचे माजी डीजीपी, म्हणजे राज्य पोलिसांचे प्रमुख, त्यांनी सुप्रीम कोर्टात केस केली होती, तिचा निकाल २२ सप्टेंबर २००६ ला लागला. राज्याच्या डीजीपीला किमान दोन वर्षं, फील्डवरच्या अधिकाऱ्यांनाही दोन वर्षं, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, असं सगळं कोर्टाने सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून नॉर्मल कार्यकाळ दोन वर्षं असं लिहिलं. आणि त्याच कलमात पुढे जनहितार्थ, अपवादात्मक परिस्थितीत आधीही बदलता येईल असंही लिहिलं. आता अपवाद कशाला म्हणायचं हे ज्याच्या हातात पेन तो ठरवतो.

मुंबईच्या आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करतं, म्हणजे गृहखातं आणि मुख्यमंत्री. तिथे सीनियॉरिटी बघतात, पण बघतात एवढंच. सप्टेंबर २०१५ मध्ये राकेश मारियांना बढती देऊन होमगार्डला पाठवलं, तेही शीना बोरा खून प्रकरणाचा तपास ऐन रंगात असताना. बढतीने माणूस हलवता येतो हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. २०२२ मध्ये संजय पांडे साधारण चार महिने होते, निवृत्तीच जवळ होती. त्यांच्या नंतरचे विवेक फणसळकर मात्र जून २०२२ अखेरपासून एप्रिल २०२५ पर्यंत टिकले, ही अलीकडच्या काळातली चैनच. आणि पहिले आयुक्त फ्रँक सूटर, १८६४ ते १८८८, चोवीस वर्षं! इंग्रजांचं कौतुक करायचं नाहीये, त्यांना जनतेला उत्तर द्यायचंच नव्हतं, पण चार महिने आणि चोवीस वर्षं यांच्या मधे कुठेतरी शहाणपण असावं असं वाटतं.

एका नव्या कमिशनरला शहर समजायलाच सहा महिने लागतात. नव्वदच्या वर पोलीस स्टेशनं, चाळीस-पन्नास हजारांची फौज, पाच प्रादेशिक विभाग, सहआयुक्त कायदा-सुव्यवस्थेचे वेगळे, क्राइमचे वेगळे, ट्रॅफिकचे, प्रशासनाचे, आर्थिक गुन्ह्यांचे. कोण काम करतो आणि कोण नुसता सॅल्यूट चांगला मारतो हे ओळखेपर्यंत वर्ष निघून जातं, आणि दुसऱ्या वर्षी खालचे लोक कॅलेंडर बघायला लागतात, साहेब अजून किती दिवस, मग आदेश ऐकायचा की पुढच्या साहेबांची वाट बघायची. हे मी बाहेरून बघून लिहितोय असं समजू नका, हे शब्द मला एका पीआयने चहा पिता पिता ऐकवले होते.

प्रश्न : सीपी दिवसभर करतात तरी काय? सिनेमात नुसते फोनवर ओरडताना दिसतात. — कॉलेज विद्यार्थी, डोंबिवली

फोन असतो रे, ओरडणं कमी असतं.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. अनंत चतुर्दशीच्या चार दिवस आधी मी एका आयुक्तांच्या केबिनबाहेर बसलो होतो, मुलाखतीची वेळ चारची होती आणि साडेपाच झाले तरी आत बोलावणं नाही. शेवटी पीएने आत सोडलं तर साहेब टेबलावर बंदोबस्त स्कीम पसरून बसले होते. ती स्कीम तू बघितली नसशील, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीएवढं बाड असतं, प्रत्येक पॉइंट, त्या पॉइंटवरचा माणूस, त्याचा बक्कल नंबर, कुठून किती वाजता रिलीव्ह होणार. मला वाटलं गिरगाव चौपाटी, लालबाग, असलं मोठं काहीतरी चाललं असेल. तर ते महिला अंमलदारांचे पॉइंट पेन्सिलीने टिक करत होते आणि समोरच्या डीसीपीला एकच प्रश्न विचारत होते, यांना बाथरूम कुठे? या पॉइंटला? याला? डीसीपी म्हणाले सर सुलभ आहे पुढे. पुढे म्हणजे किती मीटर, विसर्जनाच्या गर्दीत ती तिकडे जाऊन परत कशी येणार? शेवटी त्या बाडात प्रत्येक पानाच्या कडेला हाताने एक रकाना आखला गेला, शाळा, बँक, मंडळाच्या कार्यकर्त्याचं घर, जे असेल ते, आणि कोणाशी बोलून ठेवलंय त्याचं नाव. माझी मुलाखत झालीच नाही. पण त्या वर्षीच्या विसर्जनाला मी लालबागच्या एका पॉइंटवर उभ्या मुलीला विचारलं, तर तिने समोरच्या बँकेच्या शटरकडे बोट दाखवलं, वॉचमनला सांगून ठेवलंय म्हणाली, आणि पाणीपण तिथेच ठेवलंय.

बाकी दिवस कसा असतो, तर सकाळी रात्रीच्या गुन्ह्यांचा आढावा, मंत्रालयात किंवा गृहमंत्र्यांकडे मीटिंग, भेटायला आलेली माणसं, त्यात खून झालेल्याची आई असते आणि बिल्डरही असतो, कोर्टाच्या नोटिसा, आणि ओ.आर., म्हणजे ऑर्डर्ली रूम. ती अंमलदारांची सुनावणी. सस्पेंड झालेला, बदली हवी असलेला, बायको आजारी असलेला, टोपी काढून सावधान उभा राहतो आणि दोन मिनिटांत आपलं गाऱ्हाणं सांगतो. ओ.आर. कमिशनरने स्वतः घेतली की दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या पोलीस लाइनींमध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये, बातमी जाते. सीपी कसा आहे हे पेपर वाचून ठरवू नकोस, नायगावच्या किंवा वरळीच्या पोलीस लाइनीत जाऊन विचार.

दत्ता पडसलगीकरांचं नाव लाइनीत अजून निघतं ते एवढ्यासाठीच. २०१६ मध्ये देवनार पोलीस स्टेशनला त्यांनी आठ तासांची ड्युटी सुरू केली, आधी बारा तास आणि वर बंदोबस्त लागला की किती ते देवाला माहिती. कल्पना खात्यातल्याच एका शिपायाने मांडली होती आणि आयुक्तांनी ती ऐकून घेतली, करून बघितली, मग हळूहळू बाकीच्या स्टेशनांत नेली. माणसं कमी पडतात म्हणून ती सगळीकडे टिकली नाही हा भाग आहेच. पण शिपायाचं ऐकलं गेलं ना.

प्रश्न : २६/११ सारख्या रात्री प्रमुखाने कुठे असावं, रस्त्यावर की कंट्रोल रूममध्ये? — एक वाचक, ठाणे

या प्रश्नावर खात्यात आजही दोन तट आहेत.

त्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर कामा हॉस्पिटलजवळ एकाच गाडीत होते आणि तिघेही गेले. एटीएसचे प्रमुख, पूर्व विभागाचे अपर आयुक्त आणि क्राइममधले नावाजलेले अधिकारी, तिघं एका गाडीत. त्यांच्या धैर्याबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण नंतर त्या रात्रीची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने जे लिहिलं त्यात आयुक्तांचं नेतृत्व त्या रात्री दिसलं नाही अशी नाराजी होती, आयुक्त ट्रायडंटजवळ एका ठिकाणी थांबून होते आणि कंट्रोल रूम सहआयुक्त क्राइम सांभाळत होते. म्हणजे रस्त्यावर गेलेले गेले, आणि जो रस्त्यावर होता त्यालाही विचारलं गेलं की शहर कुठून चालवत होतास.

माझं मत विचारलंत म्हणून, प्रमुखाने तिथे असावं जिथून सगळ्यांचा वायरलेस ऐकू येतो. एका ठिकाणी गोळीबार चाललाय तिथे त्याच्या जाण्याने एक बंदूक वाढते, पण बाकी पाच ठिकाणांना कोणी वालीच उरत नाही. मात्र संकट टळल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याने चालत प्रत्येक ठिकाणी गेलं पाहिजे, आणि तेव्हा कॅमेरे नसले तरी. ज्युलिओ रिबेरोंच्या काळात, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, तर मुंबई पोलिसांनीच बंड केलं होतं, म्हणजे प्रमुखाची स्वतःचीच फौज समोर उभी! अशा दिवसाची कुठल्याच अकॅडमीत तालीम होत नाही.

प्रश्न : शहराची सुरक्षा म्हणजे फक्त पोलीसच का? फायर ब्रिगेडच्या प्रमुखाबद्दल कोणी लिहीत नाही. — एका फायरमनची पत्नी, भायखळा

ताई, चूक मान्य. मागच्या अंकात एक ओळही नव्हती.

मुंबई अग्निशमन दल महापालिकेचं, त्यामुळे प्रमुख अग्निशमन अधिकारी हा आयएएस-आयपीएस नसतो, तो दलातूनच वर येतो. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, तिथला कोर्स करून स्टेशनवर अधिकारी म्हणून लागायचं, आणि मग वीस-पंचवीस वर्षं वर्दी आली की बंबाबरोबर धावायचं. मला पोलिसांपेक्षा ही रचना जास्त पटते, कारण इथे प्रमुखाने होज स्वतः धरलेला असतो, धुरात ब्रीदिंग सेटमधली हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली की छातीत काय होतं ते त्याला कोणी सांगावं लागत नाही.

आणि म्हणूनच ते आतही जातात. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, आत अधिकारी असताना इमारत कोसळली आणि दलाचे चार अधिकारी गेले. त्यात प्रमुख सुनील नेसरीकर होते, भाजलेल्या अवस्थेत दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये झुंजून २४ मे ला वारले. एवढ्या मोठ्या शहराच्या दलाचा प्रमुख स्वतः आगीत गेला, आणि वर मी लिहिलंय की प्रमुखाने वायरलेसजवळ बसावं. दोन्ही कसं बरोबर असेल मला माहिती नाही. कदाचित आगीचं काम वेगळं आहे, जुनी लाकडी इमारत किती वेळ उभी राहील हे बाहेरून दिसत नाही, ते ज्याच्या डोळ्याला कळतं तोच आत जातो.

१४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला त्यात दलाचे ६६ जवान गेले, म्हणून देशभर तो दिवस अग्निशमन सेवा दिन असतो. तुमच्या घरी तर तो दरवर्षी पाळत असतील.

प्रश्न : पगार किती? — तीन-चार वाचक

आयपीएसला सुरुवातीचा बेसिक ५६,१००. एडीजीचा १,८२,२०० पासून, डीजीचा २,०५,४०० पासून, वर महागाई भत्ता, घर, गाडी. दक्षिण मुंबईत त्या पगारात विकत घर येत नाही एवढं लक्षात ठेवा, आणि एखाद्या साहेबांचे तीन फ्लॅट दिसले तर मला पत्र पाठवा.

प्रश्न : मुंबईला बाई कमिशनर कधी? — एक वाचक, कोल्हापूर

फणसळकरांनंतर २०२५ मध्ये आलेल्या देवेन भारतींपर्यंतच्या यादीत एकही नाही. १९७२ मध्ये किरण बेदी आयपीएस झाल्या, म्हणजे अर्धशतक उलटून गेलं. पुण्याला मीरा बोरवणकर झाल्या, रश्मी शुक्ला झाल्या, शुक्ला तर जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला डीजीपी झाल्या. म्हणजे अख्खं राज्य बाईच्या हातात चाललं पण मुंबई नाही. कारण विचाराल तर पहिल्या प्रश्नातली खिडकी आठवा, सुरुवातीच्या बॅचमध्ये बायका मोजक्या, त्यातून पंचवीस वर्षांनी वर पोचणाऱ्या अजून मोजक्या. पण ते आता पुरेसं कारण नाही, गेल्या काही वर्षांत नावं होती. लातूरच्या मुलीने हे उत्तर वाचलं असेल अशी आशा.

प्रश्न : रिटायर झाल्यावर हे लोक काय करतात? — एक वाचक, नाशिक

काहीजण राजदूत होतात, रिबेरो रोमानियाला होते (तिथेही १९९१ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, पंजाबात ते दहशतवादाच्या काळात पोलीस प्रमुख होते, ते भूत बुखारेस्टपर्यंत गेलं), अहमद जावेद सौदीला गेले. सत्यपाल सिंग तर पदावर असतानाच नोकरी सोडून बागपतमधून खासदार झाले आणि पुढे मंत्री. काहीजण कंपन्यांचे सल्लागार होतात. आणि बरेचसे सकाळी मरीन ड्राइव्हवर चालतात आणि कोणी ओळखलं की थांबून दहा मिनिटं बोलतात. मला हे शेवटचे जास्त आवडतात, बातम्याही त्यांच्याकडूनच मिळाल्यात.

प्रश्न : कमिशनर साहेबांना पत्र लिहिलं तर ते वाचतात का? आमची तक्रार पोलीस स्टेशनला आठ महिने पडून आहे. — एक वाचक, मालाड

स्वतः वाचतीलच असं नाही, पण पत्र पडून राहत नाही. आवक नंबर पडतो, मग ते विभागाच्या अपर आयुक्तांकडून डीसीपींकडे आणि तिथून फिरून तुमच्याच पोलीस स्टेशनला अहवालासाठी येतं, हो, ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच. हसू नका, तरी उपयोग होतो, कारण आता त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि सीनियर पीआयला ती फाइल उघडावीच लागते. चार पानं लिहू नका. एक पान, वरती एफआयआर किंवा तक्रार अर्जाचा नंबर आणि तारीख, कोणाला कधी भेटलात, काय हवंय ते एका वाक्यात. पोचपावती घ्या. आणि खाली मोबाईल नंबर लिहा, तुमच्या मला आलेल्या पत्रावरही नव्हता.